फ्लॉपीतल्या ओव्या

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती आणि त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा राजा असून कवीही होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा उल्लेख केला, भोजाने त्यातली उदाहरणे आपल्या ग्रंथांत घेतली. मूळ काव्य मात्र आज उपलब्ध नाही. इतरांनी आपापल्या कामापुरते जेवढे उचलून घेतले, तेवढेच काय ते उरले. याउलट सर्वसेनाच्या मुलाचा, म्हणजे द्वितीय विंध्यशक्तीचा, ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात, अशी त्याची रचना आहे. तांबे जमिनीत पडून राहिले तरी टिकते; ताडपत्र, भूर्जपत्र, कागद टिकत नाहीत. म्हणून दानपत्राला नकलनवीस लागला नाही, काव्याला लागला असता, आणि तो वेळेवर मिळाला नाही.

वाशीम जिल्ह्यातच याच्या उलट उदाहरणही आहे. कारंजा (लाड) येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांतून शेकडो हस्तलिखिते पिढ्यानपिढ्या जपली गेली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा या भांडारांचे महत्त्व अभ्यासकांपुढे आले. पुढे अमरावतीला अध्यापन करणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ यांसारखी अपभ्रंश काव्ये १९३०च्या दशकात संपादून छापली. पुष्पदंत, कनकामर ही नावे आज आपल्या अभ्यासक्रमात येतात, त्यामागे शतकानुशतके कोणीतरी जीर्ण पोथी समोर ठेवून नवी पोथी लिहीत बसला होता. साहित्याच्या इतिहासात आपण कवींची नावे पाठ करतो. नकलनवीस बहुधा निनावीच राहतो.

हे सारे आठवण्याचे कारण अगदीच घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या लोखंडी पेटीत मला चार फ्लॉप्या सापडल्या.

२००३ साली एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी रिसोड आणि मालेगाव तालुक्यांतील काही खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. टेपरेकॉर्डर मजजवळ नव्हता. वहीत लिहून घेत असे. एक आजीबाई जात्याचा खुंटा धरून हसत विचारायच्या, “हे कायले लिवतं वो माय?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा ‘परीक्षेसाठी’ यापलीकडे उत्तर नव्हते. ओव्या संगणकावर उतरवण्याचे काम दोन घरांत झाले. अर्ध्या ओव्या मामांच्या घरी विंडोज ९८ असलेल्या जुन्या संगणकावर ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये मी टंकित केल्या. उरलेल्या एका मैत्रिणीने तिच्या घरी, दुसऱ्याच एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये उतरवल्या. तिची फ्लॉपी मामांच्या संगणकात घातली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्केवारीची चिन्हे यांचा नुसता पसारा दिसला. मामा म्हणाले, “फाईल खराब झाली.” फाईल मुळीच खराब झाली नव्हती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. वेळ थोडा होता. निवडक साठ ओव्या दोन्ही घरांतून वेगवेगळ्या छापून आणल्या, बांधणी करून प्रबंध दिला आणि विषय संपला. वह्या एका पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने गेल्या. गाणाऱ्या बायकांपैकी आज कोणीही हयात नाही. म्हणजे साठ ओव्या सोडल्या, तर बाकी सगळे त्या चार फ्लॉप्यांत होते.

परस्परांशी न जुळणाऱ्या यंत्रांमध्ये मजकूर कसा न्यायचा, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी ‘कर्मिट’ नावाची एक पद्धत तयार केली. विद्यापीठात निरनिराळ्या कंपन्यांची मोठी यंत्रे होती, त्यांत घरगुती आकाराच्या लहान संगणकांची भर पडत होती, आणि एकाची चिन्हे दुसऱ्याला चालत नव्हती. कर्मिटची युक्ती साधी होती. मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे, दोन्ही यंत्रांना निश्चित ओळखता येतील अशाच चिन्हांत ते बांधायचे, प्रत्येक तुकड्यासोबत एक पडताळणीची बेरीज पाठवायची आणि बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा मागवायचा. पुढे कर्मिटला स्वतःची लहानशी आज्ञाभाषाही मिळाली. चार ओळींची आज्ञावली लिहून ठेवली की माणूस समोर नसतानाही यंत्रे एकमेकांना फायली देत-घेत राहत. चांगल्या नकलनवीसाचा पहिला गुण तिच्यात होता : समोर जे आहे ते, एकही खूण न गाळता, उतरवून घेणे.

परंतु आमच्या ओव्यांच्या बाबतीत एवढे पुरेसे नव्हते. मैत्रिणीच्या संगणकातून निघालेले प्रत्येक चिन्ह मामांच्या संगणकात तंतोतंत पोहोचले होते. वहन निर्दोष होते, वाचन अशक्य होते. हा फरक नीट समजून घेतल्याशिवाय मराठी मजकुराच्या अलीकडच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण कळणार नाही.

भारतीय लिप्यांसाठी संकेत नव्हते असे नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान होते. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ हा प्रमाण संकेत स्वीकारला होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. या दोन्हींचा पाया एकच : अक्षर जसे उच्चारले जाते त्या क्रमाने साठवायचे, ते दिसावे कसे हे पडद्यावर नंतर ठरवायचे. पण घराघरांतल्या आणि छापखान्यांतल्या विंडोजला हे कळत नव्हते. तेव्हा व्यवसायाने दुसरी वाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट तयार झाले. संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच राहिला; डोळ्यांना तो मराठी दिसू लागला. कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले.

कृतिदेवचे उदाहरण घेऊ. त्यात ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवला जातो. फॉन्ट काढून घेतला की ती पाच अक्षरेच उरतात, मराठी नाहीशी होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अपरिचित वाटू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरे योजण्याचीच ती रीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांच्या हाती किल्ली आली आणि मराठी गद्याचा आरंभकाळ आपल्याला नव्याने वाचायला मिळाला. महानुभावांनी किल्ली हेतुपुरस्सर लपवली होती, आणि संप्रदायातल्या लोकांनी ती जपूनही ठेवली होती. फॉन्टच्या काळात लपवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, तरीही दहा-पंधरा वर्षांचा मराठी मजकूर डझनभर सांकेतिक लिप्यांत विखुरला गेला. या किल्ल्यांना संप्रदाय नव्हता. सॉफ्टवेअर बंद पडले की किल्लीही जात असे.

आता फ्लॉप्यांकडे वळू. बाजारातून यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. चारपैकी दोन फ्लॉप्या वाचल्या गेल्या, दोन गेल्या नाहीत. सुदैवाने वाचल्या गेलेल्या दोहोंपैकी एक मामांच्या घरची होती आणि एक मैत्रिणीची. त्यांतल्या फायली एका फोल्डरमध्ये घेतल्या आणि महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्याच्या मदतीने पायथन या भाषेत एक लहानशी आज्ञावली लिहिली. ‘मूळ’ या फोल्डरमधली प्रत्येक फाईल एकामागून एक उघडायची, तिचे युनिकोडमध्ये लिप्यंतर करायचे आणि नवी फाईल ‘लिप्यंतर’ या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची, एवढेच तिचे काम. मूळ फाईलला हात लावायचा नाही. शे-सव्वाशे ओळींच्या या आज्ञावलीने मला मराठी लेखनाबद्दल जे शिकवले, ते शुद्धलेखनाच्या पुस्तकांतून इतक्या स्पष्टपणे शिकायला मिळाले नव्हते.

पहिला धडा क्रमाचा. कृतिदेवमध्ये ‘ध’ हे एक अक्षर नाही. तिरपी रेघ म्हणजे अर्धा ‘ध्’ आणि तिच्यापुढचा ‘के’ म्हणजे उभा दंड, असे दोन तुकडे मिळून ‘ध’ होतो. तोच ‘के’ इतरत्र काना असतो. ‘ण’, ‘भ’, ‘थ’, ‘ख’ यांचेही तसेच. आज्ञावलीने आधी प्रत्येक ‘के’चा काना केला, तर ‘धर्म’मधला ‘ध’ पायमोडका राहून त्याला काना चिकटतो. म्हणून जोड्या आधी, सुटी चिन्हे नंतर. टंकलेखकाची बोटे हे जाणत होती. यंत्राला ते सांगावे लागते.

दुसरा धडा ऱ्हस्व इकाराचा. आपण ‘स्थिती’ म्हणताना इकार ‘थ’च्या नंतर उच्चारतो, पण लिहिताना वेलांटी ‘स’च्याही आधी काढतो. जुना फॉन्ट डोळ्यांच्या क्रमाने चालतो, युनिकोड जिभेच्या क्रमाने. वेलांटीला संपूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावे लागते. आमच्या पहिल्या आज्ञावलीने ती एकच घर पुढे सरकवली आणि ‘स्थिती’च्या ठिकाणी वेलांटी ‘स्’ आणि ‘थ’ यांच्या मध्येच लटकत राहिली. रफाराची गोष्ट याच्या उलट. ‘कार्यालय’ लिहिताना रफार ‘या’च्या काना काढून झाल्यावर येतो; उच्चारात तो ‘य’च्या आधी आहे. तो मागे न नेता आहे तिथेच ठेवला की ‘कायार्लय’ होते. महाजालावरच्या कित्येक मराठी पानांवर हे ‘कायार्लय’ आणि ‘वषार्त’ आपण पाहिले असेल आणि टंकलेखकाला दोष दिला असेल. तो दोष टंकलेखकाचा नसून, घाईने लिहिलेल्या अशाच एखाद्या आज्ञावलीचा असण्याची शक्यता अधिक आहे. पाठचिकित्सेत आपण लेखनिकाच्या चुकांचे वर्गीकरण करतो : अक्षरसाम्याने झालेली चूक, ओळ गाळल्याने झालेली चूक. त्यांत या नव्या नकलनवीसाच्या चुकांचाही एक वर्ग जोडायला हवा.

तिसरा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्ध्या ‘र’चे मराठीत दोन अवतार आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे निराळे, ‘आचाऱ्यांना’ बोलावणे निराळे. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाही, म्हणून हिंदीसाठी लिहिलेल्या लिप्यंतराच्या साधनांत त्याचा विचार नसतो, आणि मराठीसाठी ती साधने जशीच्या तशी वापरली की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांवर हे रूप सर्रास आढळे. युनिकोडमध्ये या ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे, आज्ञावलीला मात्र ती मुद्दाम दाखवून द्यावी लागली.

मैत्रिणीच्या फाईलचा प्रश्न अधिक बिकट होता. ते सॉफ्टवेअर कुठे मिळेना, त्यातल्या चिन्हांचा तक्ताही हाती नव्हता. तेव्हा बांधणी केलेला जुना प्रबंध कामास आला. त्यातल्या साठ ओव्यांपैकी निम्म्या तिच्याच फाईलीतून छापलेल्या होत्या. छापील ओवी एका बाजूला आणि तिचेच चिन्हरूप दुसऱ्या बाजूला ठेवून एकेका अक्षराची जागा निश्चित करत गेलो. जेम्स प्रिन्सेपने १८३०च्या दशकात इंडो-ग्रीक राजांच्या द्विभाषिक नाण्यांवरून खरोष्ठीची अक्षरे लावली, त्याच पद्धतीची ही अगदी लहान आवृत्ती. दोन आठवड्यांत किल्ली तयार झाली. त्यानंतर आज्ञावली चालवली आणि चहा संपायच्या आत सगळ्या फायली मराठीत उभ्या राहिल्या. वीस वर्षांनी ती ओवी, ते जाते, त्या आजीबाईंचे हसणे असे पडद्यावर आलेले पाहून काय वाटले, ते इथे लिहीत नाही.

आणि इथेच माझ्या हातून चूक झाली. यश मिळाल्याच्या भरात मी आज्ञावलीला आणखी एक पायरी जोडली. टंकनाच्या चुका बऱ्याच होत्या. तेव्हा प्रमाण मराठी शब्दांच्या यादीशी ताडून जवळचा शब्द घालावा, अशी व्यवस्था केली. मजकूर एकदम स्वच्छ दिसू लागला. तो मोठ्याने वाचू लागले तेव्हा कानाला काहीतरी खटकले. ओवीच्या शेवटी ‘फुले’ आणि ‘मले’ यांचे यमक असायचे, तिथे आता ‘फुले’ आणि ‘मला’ होते. ‘जवय’चे ‘जवळ’ झाले होते, ‘डोये’चे ‘डोळे’ झाले होते, ‘कायले’च्या जागी भलताच शब्द आला होता. वऱ्हाडी बोलीत ओवी गाणाऱ्या बाईला मी एका रात्रीत पुण्याच्या शाळेत बसवले होते. मूळ फायली वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून निभावले. तसे नसते, तर ‘वाशीम जिल्ह्यातील स्त्रियांच्या ओव्या’ या नावाखाली, त्यांनी कधीही न उच्चारलेले शब्द मीच पुढच्या अभ्यासकाच्या हाती दिले असते, आणि तो निर्धास्तपणे त्यावरून बोलीचे विश्लेषण करत बसला असता.

लिप्यंतर आणि संपादन या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पोथीचा लेखनिक या दोहोंची गल्लत करतो, म्हणून पाठभेद जन्माला येतात. ज्ञानेश्वरीच्या पाठांची चर्चा करताना आपण हेच शिकवतो. यंत्र हाती आल्यावर तीच गल्लत मी स्वतः केली. फरक इतकाच, की लेखनिकाची चूक एका पोथीपुरती असते आणि आज्ञावलीची चूक एका क्षणात प्रत्येक फाईलीत, प्रत्येक ओळीत शिरते. शिवाय ती सर्वत्र सारखी असल्यामुळे ती चूक आहे असे कोणाला वाटतही नाही.

म्हणून आता तीन फोल्डर आहेत. ‘मूळ’मध्ये फ्लॉपीवरून आले तसे. ‘लिप्यंतर’मध्ये संकेत बदललेला, शब्द न बदललेला मजकूर, टंकनाच्या चुकांसकट. ‘संपादित’मध्ये माझे निर्णय, आणि प्रत्येक निर्णयाची नोंद. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचे काम आज्ञावली करते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचे काम तिच्याकडे दिलेले नाही. उदाहरणार्थ, एका ओवीत ‘पानी’ असे आहे. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, तेव्हा ते गाणारीच्या तोंडचे असेल. पण शेजारच्याच ओवीत ‘पाणी’ आहे. त्या बाई दोन्ही म्हणत होत्या, की कृतिदेवमध्ये ‘ण’साठी दोन कळा आणि ‘न’साठी एकच लागते म्हणून माझेच बोट आळसावले होते? वही गेली, आवाज गेला. दोन्ही रूपे आहेत तशी ठेवली आहेत आणि तळटीप दिली आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्या प्रयत्नांतून जमा झालेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्या आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संग्रहात वाचता येतात, त्यांतल्या अनेक ऐकताही येतात. एवढा मोठा प्रकल्प प्रत्येक जिल्ह्यात होणार नाही. पण गेल्या तीस वर्षांत आपल्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांनी लोकगीतांवर, म्हणींवर, बोलींवर किती प्रबंध लिहिले! त्यांचे छापील गठ्ठे कपाटांत आहेत, आणि कव्हरच्या आत चिकटवलेल्या सीडींमध्ये किंवा कोणाच्या घरच्या फ्लॉपीत छापल्या न गेलेल्या नोंदी आहेत. ‘फाईल खराब झाली’ असे म्हणून त्या टाकून देऊ नयेत. पुष्कळदा ती फाईल खराब झालेली नसते, फक्त तिची लिपी ओळखणारा जवळ नसतो. छापील प्रत हाताशी असेल तर किल्लीही तिथेच असते, आणि आज्ञावली लिहून देणारा विद्यार्थी आज कोणत्याही महाविद्यालयात सापडतो.

माझ्या उरलेल्या दोन फ्लॉप्या अजून वाचल्या गेलेल्या नाहीत. त्यांच्यावर माझ्याच अक्षरात ‘माहेर’ आणि ‘भाऊ’ असे लिहिलेले आहे. त्या विषयांवरच्या ज्या थोड्या ओव्या प्रबंधात छापल्या, तेवढ्याच आता आहेत. ‘हरिविजया’सारखे, कोणीतरी आपल्या कामापुरते उचलून घेतले, तेवढे.